टायटल नाही म्हणे!

आज जेवताना भाचा म्हणतो, "मावशी, त्या अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्या कॅटलिन क्लार्कला उगाच डोक्यावर घेतलंय. कॉलेजात चार वर्षं खेळली, एक तरी राष्ट्रीय टायटल आहे का?" हातातला घास हातातच राहिला.

नाही रे बाबा. तिची कॉलेज टीम आयोवा २०२३ ची फायनल एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) हरली, २०२४ ची साउथ कॅरोलायनाकडून. मान्य. पुढे बोल.

आमच्या कॉलेजात एकच कोर्ट. मुलांचं आटोपलं की मुलींनी घ्यायचं, म्हणजे साडेसहाला. आणि सातला शिपाईमामा खटकन दिवे घालवणार. रिंगला जाळी नाही. मी अंधारात फ्री थ्रो मारायचे, आवाजावर कान ठेवून. आवाज नाही आला की गेला आत. (किंवा रिंगपर्यंत पोचलाच नाही. तेही व्हायचं.)

म्हणून ऑक्टोबर २०२३ मधला तो फोटो बघून मी चक्क रडले होते. फुटबॉलच्या मैदानात कोर्ट अंथरलेलं आणि क्लार्कच्या आयोवाची नुसती प्रदर्शनीय मॅच बघायला ५५,६४६ माणसं! शिपाईमामा, बघताय ना?

आणि क्लार्कचे कॉलेजातले पॉइंट्स ३,९५१. मार्च २०२४ मध्ये तिने पुरुषांमधल्या पीट मॅराविचचे ३,६६७ मागे टाकले, १९७० पासूनचा विक्रम. त्याने तीनच वर्षांत केले होते, थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेल्या बास्केटचे तीन पॉइंट्स) नसताना. बरं, तेही खरं.

पण माझं खरं डोकं फिरतं ते लिनेट वुडर्डवरून. कॅन्ससची ही पोरगी १९८१ पर्यंत ३,६४९ करून बसली होती, तेही पुरुषांच्या मोठ्या बॉलने. पण तेव्हा बायकांच्या स्पर्धा दुसरी संस्था भरवायची, म्हणून क्लार्क विक्रम मोडत होती तेव्हा एनसीएएच्या (आता कॉलेजच्या स्पर्धा भरवणारी संस्था) यादीत वुडर्डचं नावच नाही! बाई जिवंत, आकडे छापलेले, आणि तुम्ही दिवे घालवून मोकळे? कसली माणसं ही!

मॅराविचला मागे टाकलं त्या दिवशी वुडर्ड स्वतः आयोवात मॅच बघायला हजर होती. क्लार्कच्या निमित्ताने का होईना, लोकांनी तिचं नाव परत घेतलं. मला विचाराल तर क्लार्कने कमावलं ते हे.

आमच्या बॅचचा तर स्कोअरसुद्धा कुणी लिहून ठेवला नाही. मला माझ्या एका मॅचचे १७ आठवतात. ताई म्हणते ११ होते.

हे टाइप करेपर्यंत भाच्याचा मेसेज आला. "सॉरी मावशी. पण टायटल नाहीच ना?"

नाहीच. झोप आता, आणि दिवा मी घालवते.