खुलासा : हेन्री मूर यांचे 'बोगद्यातले एचिंग' हे एचिंग नाही

लंडनच्या भुयारी रेल्वेत दाटीवाटीने झोपलेल्या माणसांचे एक चित्र सध्या फिरते आहे. सोबतचा मजकूर असा : 'शिल्पकार हेन्री मूर यांनी बॉम्बवर्षावात बोगद्यात बसून केलेले मूळ एचिंग, हात थकल्यावर ते छपाईकडे वळले.'

चित्र मूर यांचेच, पण ते एचिंग, म्हणजे पत्र्यावर अम्लाने रेघ कोरून केलेले छापचित्र, नव्हे. दुसऱ्या महायुद्धातली, १९४०-४१ची ही हाताने काढलेली चित्रे आहेत. पांढऱ्या मेणखडूने रेघ ओढायची, वरून जलरंग फिरवायचा. मेणावर रंग ठरत नाही, रेघ उजळ राहते. शिवाय झोपलेल्यांसमोर वही उघडणे मूर यांना प्रशस्त वाटेना. ते टिपणे घेत आणि चित्र नंतर घरी काढत.

एचिंगमध्येही मेण असते, पण ते तांब्याच्या पत्र्यावर. सुईने मेण खरवडले की उघड्या पडलेल्या रेघेत अम्ल शिरून खाच पडते, तिथे शाई साठते आणि ती कागदावर छापली जाते. ही कला मूर यांनी खरी फुलवली ती १९६९-७०मध्ये, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली दांपत्याने दिलेल्या हत्तीच्या कवटीवरून. त्या कवटीच्या पोकळ्यांत त्यांना बोगदे, गुहा, डोंगर दिसत गेले. (माझ्या मते त्यांच्या छापचित्रांत याहून सरस काही नाही.)

'हात थकल्यावर' हेही चूक. १८९८ साली खाणकामगाराच्या घरी जन्मलेल्या मूर यांनी लाकडी ठशांवरून पहिली छापचित्रे काढली ती १९३१मध्ये, ऐन तिशीत. उतारवयात छपाई वाढली हे खरे, पण शिल्पे थांबली नव्हती.