न्यूयॉर्कच्या अपुऱ्या कॅथेड्रलबद्दल फिरणारा मजकूर चुकीचा आहे

सध्या एक मजकूर फोटोसकट फिरतोय: ‘न्यूयॉर्कचं सेंट जॉन द डिव्हाइन हे जगातलं सर्वांत मोठं चर्च. १८९२ पासून सलग काम चालू, करदात्यांचे कोट्यवधी डॉलर पाण्यात, भरवस्तीतली मोक्याची जागा अडवलेली, आणि शेजारच्या हार्लेममधल्या गरिबांकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

‘सर्वांत मोठं चर्च’ लगेच निकालात निघतं. रोमचं सेंट पीटर्स याहून मोठं आहे. फक्त ते बिशपचं पीठ, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, नसल्यामुळे कॅथेड्रल म्हणून मोजलं जात नाही. ६०१ फूट लांबीचं सेंट जॉन हे जगातल्या सर्वांत मोठ्या कॅथेड्रलांपैकी एक आहे, एवढंच खरं.

‘भरवस्ती’ तर तिथे नव्हतीच. कॅथेड्रल जिथे आहे ते मॉर्निंगसाइड हाइट्स हे तेव्हा तुरळक वस्तीचं टेकाड होतं. ही जागा एका अनाथाश्रमाची, आणि त्याची १८४३ ची इमारत आजही आवारात उभी आहे. सेंट ल्यूक्स रुग्णालय १८९६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठ १८९७ मध्ये आणि भुयारी रेल्वे १९०४ मध्ये आली. वस्ती कॅथेड्रलच्या मागून आली.

पैसा करदात्यांचा नव्हे, देणगीदारांचा. पाया खणताना खडक लागेना, झरेच लागले. ७२ फूट खाली जावं लागलं, तेव्हा बँकर जे. पी. मॉर्गन यांनी ५ लाख डॉलर दिले. १९२५ च्या निधी मोहिमेचे प्रमुख होते फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच.

आणि ‘सलग काम’? १९११ मध्ये वास्तुरचनाकार बदलले आणि शैलीही गोल कमानींच्या रोमनेस्कवरून टोकदार कमानींच्या गॉथिकवर गेली. म्हणून वेदीकडच्या कमानी गोल आणि पुढच्या टोकदार दिसतात. मधला घुमट बांधकामतज्ज्ञ गुआस्ताविनो यांनी १९०९ मध्ये खालून आधार न लावता, फरशीला फरशी जोडत उचलला. तो तात्पुरता होता. आजही तोच आहे. ३० नोव्हेंबर १९४१ ला पूर्ण लांबी खुली झाली, आठवड्यात पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि बांधकाम चार दशकं बंद पडलं.

गरिबांबद्दलचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. १९६७ मध्ये बिशप होरेस डोनेगन यांनी जाहीर केलं की भोवती एवढं दारिद्र्य असताना इमारत अपुरीच राहील. १९७९ मध्ये कॅथेड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) जेम्स पार्क्स मॉर्टन यांनी काम पुन्हा सुरू केलं तेही वस्तीतल्या तरुण-तरुणींना हाताशी घेऊन. इंग्लंडहून आलेल्या उस्ताद पाथरवटांनी त्यांना चुनखडीचा दगड घडवायला शिकवलं. दक्षिणेचा मनोरा पन्नासेक फूट चढला तो या मुलामुलींच्या छिन्नी-हातोड्यावर. १९९० च्या दशकात पैसे आटले आणि काम थांबलं.

टीकाच करायची तर आवारातल्या दोन अपार्टमेंट संकुलांवर करा. कॅथेड्रलने उत्पन्नासाठी स्वतःची जमीन भाडेपट्ट्याने दिली. २००३ मध्ये बांधकामाला आळा घालणारा वारसा दर्जा मिळाला होता, पण तो फक्त इमारतीपुरता, आवाराला नव्हता, म्हणून सिटी कौन्सिलने तो फेटाळला. अखेर २०१७ मध्ये दर्जा मिळाला तोवर दोन्ही संकुलं उभी राहिली होती, आणि उत्तरेकडून दिसणारी दगडी भिंत त्यातल्या एकाआड गेली होती. शेजाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला होता आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. फिरणाऱ्या मजकुरात याबद्दल एक शब्द नाही.