काका, गिझर आणि दोनशे तीस व्होल्ट

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की गोव्यातली शहरं ओस पडतात आणि मूळ घरं माणसांनी फुटायला येतात. आमचं मूळ घर वाळपईच्या पुढे, वाड्याच्या पार शेवटाला. ट्रान्स्फॉर्मर देवळाकडे. मधल्या प्रत्येक घरात त्या सकाळी गिझर, मिक्सर, इस्त्री आणि माटोळीभोवतीची (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताभोवतीची) रोषणाई एकदमच सुरू. तारेला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडवणारा विरोध, असतोच. करंट वाढला की व्होल्ट वाटेतच सांडत जातात आणि आमच्या दारात येतो तो उरलासुरला प्रसाद.

मी बारावीला सायन्स घेतलं होतं, हे आमच्या घराण्यात कुणीही विसरलेलं नाही. त्यामुळे न्हाणीघरातून मोठ्या काकांचा आवाज आला, तेव्हा खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभे असलेले सगळेजण माझ्याकडे वळले.

"अरे, पाणी कोमटच! दोन हजार वॅटचा म्हणून घेतला. दुकानदारानं फसवलंन आपल्याला."

फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लाल आकडे होते : १८० व्होल्ट. म्हटलं, काका, दुकानदाराला सोडा. गिझरवर २००० वॅट लिहिलंय ते २३० व्होल्टला. वॅट भागिले व्होल्ट केलं की करंट मिळतो, ८.७ अँपिअर. व्होल्टला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, साधारण साडेसव्वीस ओहम. हा रेझिस्टन्स गिझरचा, तो चवथीला बदलत नाही. आता १८० ला साडेसव्वीसनं भागा, करंट ६.८. गुणिले १८०, झाले सव्वाबाराशे वॅट.

"व्होल्टेज पाचातला एक हिस्सा उतरलं आणि ताकद पाचातले दोन हिस्से? हा कुठला हिशेब?"

हिशेब सरळ आहे. व्होल्ट उतरले की करंटही उतरतो, आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार. मार दोनदा बसतो. शाळेत हे शिकवताना पाण्याच्या नळाची उपमा देतात. ती मी टाळली, कारण आमच्या नळालाही तेव्हा पाणी नव्हतं.

काकांना आकड्यांपेक्षा साक्षीदार जास्त पटतो. म्हणून वाड्यावरच्या वायरमनकडून क्लॅम्प मीटर आणवला, तार जबड्यात धरून करंट मोजणारा. माझ्या पुतण्यानं, तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मोठ्या ऐटीत गिझरच्या जाड केबलीला त्याचा जबडा लावला. मीटरवर शून्य.

"बघ! करंट घेतच नाही!" काका टॉवेलवरच बाहेर आले.

केबलीत दोन तारा असतात. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर साळसूदपणे शून्य दाखवतो. वायरमननं मेनबोर्डावर फेजची एकटी तार पकडली, तेव्हा ६.८ आलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग चेहरा खुलला. "म्हणजे बिलही कमी येणार?"

नाही. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, ती लागतेच. एरवी सोळा मिनिटांत लागते, आता सव्वीस मिनिटं. रांगेत मागे उभ्या असलेल्या भावोजींनी तिथल्या तिथे आपला नंबर गुणिले सव्वीस केलं आणि ते खुर्ची आणायला गेले.

तोवर पुतण्याला मल्टिमीटरचा नाद लागला होता. देवघरातला जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून त्यानं ओहम मोजले : ६५. लगेच व्होल्टचा वर्ग, भागिले ६५. "काका, हा बल्ब आठशे वॅटचा आहे!" काकांना वर्षानुवर्षांच्या बिलांचं कोडं सुटल्यासारखं झालं. बल्बातली तार टंगस्टनची, थंड असताना तिचा रेझिस्टन्स असा फसवतो. बल्ब पेटून तार पांढरीफटक तापली की तोच दहापटीच्या वर चढतो, पावणेनऊशे ओहमच्या आसपास, आणि बल्ब पुन्हा निमूट साठ वॅटचा होतो. हे सांगेपर्यंत काकींनी तो बल्ब हातातून काढून घेतला. देवापुढे काळोख नको, मग तुमचं काय ते बघा.

जॉर्ज ओहम हेही मास्तरच, जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचे. व्होल्ट, करंट आणि रेझिस्टन्सचं नातं सांगणारा हाच नियम त्यांनी १८२७ साली छापला तेव्हा तिथल्या बऱ्याच विद्वानांनी भीक घातली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं ते १८४१ साली. आमच्या घरात मात्र निकाल दुपारच्या जेवणाआधी लागला.

विहिरीवरच्या पंपाचा प्रश्न निघाला तेव्हा मी पाटोळी तोंडात घालून गप्प बसलो. मोटर गिझरसारखी सरळ वागत नाही. व्होल्ट उतरले की ती उलट जास्त करंट ओढते आणि तापून जळते. एवढंच सांगितलं की १८० असताना पंप लावू नका. कारण विचारलं असतं तर आरती चुकली असती.

आता पंचाईत अशी की काकांना गोडी लागली आहे. सगळे आपापल्या गावी परतले तरी घरच्या ग्रुपवर त्यांचे मेसेज येतात. "सकाळी १९२." "दुपारी २०७." खाली मी वॅट लिहायचे, नाहीतर फोन येतो. परवा मध्यरात्र उलटून गेल्यावर मोबाईल वाजला. "२४६!! वाडा सगळा झोपलाय. आत्ताच आंघोळ करून घेऊ?"

मी अंथरुणातून उत्तर दिलं : बावीसशे अठ्ठ्याऐंशी वॅट. चौदा मिनिटं. घ्या करून.