‘सुपर मारिओ रन’ आधी फुकट होता का?

‘सुपर मारिओ रन’ हा मोबाइल गेम आधी पूर्ण फुकट होता, लोकांना चटक लागल्यावर निन्टेंडो कंपनीने पैसे लावले, असा मेसेज फिरतोय. तसं झालेलं नाही. डिसेंबर 2016 मध्ये आयफोनवर गेम आला, तेव्हा डाउनलोड फुकट होतं, पण खेळायला मिळायच्या सुरुवातीच्या मोजक्याच लेव्हल. पुढचं सगळं उघडायला अमेरिकेत 9.99 डॉलर, तेही एकदाच. किंमत आधीच जाहीर केलेली होती. चिडलेल्यांनी एक-एक स्टार दिले, हे मात्र खरं. (सतत इंटरनेट लागायचं, ती तक्रार मलाही पटते.) निन्टेंडोचा वारंवार पैसे मागणारा गेम म्हणजे फेब्रुवारी 2017 मधला ‘फायर एम्ब्लेम हीरोज’. तिथे पात्रं नशिबाने मिळतात. मेसेजवाल्यांनी बहुधा दोघांची खिचडी केलीय.