‘मुलं पळवणारी टोळी’ आणि मावशीचा फॉरवर्ड

‘सगळ्या आयांनी लक्ष द्या, मुंबईत टोळी उतरली आहे’ अशी सुरुवात असलेला मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला. खाली एक व्हिडिओ आणि कुणा अनोळखी बाईची रडवेली व्हॉइस नोट. मजकूर थोडक्यात असा: बोहारणी, चादरवाले आणि साधूंच्या वेशात माणसं फिरताहेत, मुलांना रुमालावरचं गुंगीचं औषध हुंगवून पळवतात, गाडीतच किडन्या काढतात. अपहरणं किती वाढलीत ते सरकारी आकडेच सांगतात. आणि पोलीस तर 24 तास तक्रारच घेत नाहीत. हे वाचून भांडुपच्या वहिनीने पोराला शाळेत पाठवलं नाही. मावशीला फोन केला तर म्हणे, ‘पाठवायला काय जातं? सावध केलेलं बरं.’ काय जातं, ते सांगतो.

आधी किडनी. किडनी म्हणजे गाडीची स्टेपनी नव्हे, इथून काढली आणि तिथे बसवली. रक्तगट जुळावा लागतो, ऊतींच्या चाचण्या कराव्या लागतात, देणारा आणि घेणारा दोघांसाठी सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांची फौज लागते. काढलेली किडनी थंड ठेवली तरी साधारण 24 ते 36 तासच टिकते. लहान मुलाची किडनी मोठ्या माणसाला बसवणं हा तर आणखी अवघड मामला. किडनीचे काळे धंदे या देशात झालेत, नाही म्हणत नाही. पण ते गरजू माणसाला पैशांचं आमिष दाखवून, खोटी नाती कागदावर लावून, हॉस्पिटलच्या आत झाले. हायवेवरच्या व्हॅनमध्ये नाही.

व्हिडिओ. बाइकवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात, तोच. तो मुंबईचाच काय, भारतातलाही नाही. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तो मुद्दाम चित्रित केला होता. मूळ फिल्ममध्ये तेच दोघे परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला. 2018 पासून हा तुकडा आपल्याकडे फिरतोय.

आता आकडे. अपहरणाचे गुन्हे कागदावर वाढले, हे खरं. पण का वाढले? 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की सरळ गुन्हा नोंदवायचा, आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा तस्करी समजायची. त्याआधी अशी पुष्कळ प्रकरणं नुसती ‘मिसिंग’च्या रजिस्टरात पडून राहत. म्हणजे घरी भांडून दादर स्टेशन गाठणारा पोरगा, दहावीचा निकाल लपवून गावाला पळालेली मुलगी, प्रेमात पडून निघून गेलेली सतरा वर्षांची पोर, सगळे त्याच रकान्यात जातात. त्यातली पुष्कळ परत सापडतात. सापडल्याचा आकडा कुठल्याही फॉरवर्डमध्ये नसतो.

एक मात्र नाइलाजाने कबूल करायला हवं. मावशीच्या पिढीची भीती हवेतून आलेली नाही. कोल्हापूरच्या गावित मायलेकींनी नव्वदच्या दशकात खरोखरच मुलं पळवली, चोऱ्या करताना त्यांना ढालीसारखं वापरलं आणि काहींचा जीव घेतला. मुंबईतही मुलं पळवली जातात. 2013 मध्ये अंधेरीत एक सात वर्षांची मुलगी शाळेजवळून गायब झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे राजेंद्र भोसले यांच्याकडे 2008 ते 2015 या काळातल्या हरवलेल्या 166 मुलींची प्रकरणं होती. 165 सापडल्या, ही राहिली, आणि ते निवृत्तीनंतरही तिला शोधत राहिले. 2022 च्या ऑगस्टमध्ये ती सापडली, तेव्हा स्वतःच्या घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर राहत होती. नेणारं होतं मूलबाळ नसलेलं एक जोडपं. ना साधू, ना चादरवाला, ना व्हॅन.

आणि आता ज्याने माझं डोकं फिरलं ते. वहिनीच्या सोसायटीत जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण वर्षानुवर्षं येते. जिन्यात टोपली उतरवून पातेल्यासाठी ‘ताई, अजून एक पँट टाका ना’ म्हणून घासाघीस करते. त्या मेसेजनंतर वॉचमनने तिला गेटवर अडवलं, कुणीतरी डोक्यावरच्या टोपलीसकट फोटो काढला, तोंडाभोवती लाल गोल केला आणि ‘हीच ती’ लिहून ग्रुपवर सोडला. तो फोटो आता कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेलाय, देव जाणे.

अशा फोटोचं पुढे काय होऊ शकतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. आणि 16 एप्रिल 2020 ला, लॉकडाउनमध्ये, पालघरच्या गडचिंचलेत? कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघेही जमावाच्या मारहाणीत गेले. त्या भागातही चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशीच आवई उठली होती. ‘पाठवायला काय जातं’ याचा हिशेब इथे लागतो, मावशी.

गुंगीच्या रुमालावर मी वेळ घालवत नाही. नुसता वास देऊन क्षणात बेशुद्ध करणारं औषध फक्त सिनेमात मिळतं.

शेवटचा मुद्दा मात्र सोडू नका, कारण तो ऐकून एखादी आई खरंच थांबून राहील. 24 तास थांबण्याचा असला कुठलाही नियम नाही. मूल दिसेनासं झालं की त्याच क्षणी 112 (पोलिसांसह तातडीची मदत) किंवा 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) लावा आणि जवळचं कुठलंही पोलीस ठाणं गाठा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, ती त्यांना घ्यावीच लागते. मुलाचा अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे दिसलं, एवढं हातात ठेवा.