कंटेनर माझा, कचरा गावाचा

आज सकाळी सात वाजता मी राडारोडा भरायला भाड्याने आणलेल्या, वरून उघड्या लोखंडी कंटेनरमध्ये गुडघाभर राडारोड्यात उभा राहून कुणाची तरी भिजलेली गादी ओढत होतो. माझी नाही. आमच्या घरात तसली गादी कधी नव्हतीच. बाहेर ट्रकचा ड्रायव्हर हाताची घडी घालून उभा आणि त्याचं एकच पालुपद, "साहेब, कडेच्या वर काही दिसलं तर मी साखळी लावून उचलणार नाही." कंटेनरच्या आत उतरायचं नसतं हे मला माहीत आहे. आतलं डबर कधी सरकेल आणि पायात कुठला खिळा घुसेल याचा नेम नसतो. पण गादी काही स्वतःच्या पायांनी खाली येणार नव्हती.

काम केवढं? दोन खोल्यांची फरशी, एक न्हाणीघर आणि मागचा जुना ओटा. मिस्त्री म्हणाला, पोती भरत बसण्यापेक्षा लोखंडी कंटेनर मागवा, आठवड्यात घर मोकळं. मी फोन लावला. पलीकडून प्रश्न दोनच आले, पत्ता काय आणि पैसे कसे देणार. मीच विचारलं, यात काय टाकलेलं चालतं? "टाका हो, घरचंच आहे ना सगळं!" इतक्या मायेनं मला माझ्या सख्ख्या माणसांनीही कधी काही सांगितलं नसेल.

मग कंटेनर आला, पावती आली आणि पावतीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली यादी आली. रंगाचे डबे चालत नाहीत. थिनर चालत नाही. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, टायर, फ्रिज, टीव्ही, गॅसचे सिलिंडर, तेल, कुठलाही द्रव, औषधं, इंजेक्शनच्या सुया, काही म्हणजे काही चालत नाही. ॲस्बेस्टॉसचा तर तुकडासुद्धा नाही. अरे बाबांनो, जुनं घर उपसलं की निम्मं हेच निघतं! हे फोनवर सांगायला कुणाची जीभ झडणार होती?

माझा राग यादीवर नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर "नियम आपल्याच भल्यासाठी असतात" म्हणणारे आता जमतील. यादी अगदी बरोबर आहे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, काही मिलिग्रॅमच, पण फुटली की तो हवेत जातो. मोबाइल किंवा ड्रिल मशीनमधली लिथियमची बॅटरी ढिगाखाली चिरडली की आतल्या आत शॉर्ट होते आणि अख्ख्या ट्रकला आग लावू शकते, तीही पाणी मारून लवकर न विझणारी. जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोनला खातो म्हणून 1987च्या माँट्रियल करारापासून जगभर त्याला हद्दपार करायचं काम चाललंय, आणि नव्यांपैकी पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे सरळ पेट घेणारा वायू. हे सगळं मला आज पाठ आहे. पाठ कधी झालं? कंटेनर भरून झाल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

त्यातही जिप्सम बोर्डाची गंमत ऐका. त्याचं मोडलेलं फॉल्स सीलिंग मी बेधडक विटांबरोबर टाकलं. पांढरा चुनखडीसारखा माल, त्यात विषारी काय असणार? तर पुष्कळ ठिकाणी तो वेगळा काढून द्यावा लागतो. कारण कचऱ्याच्या डोंगरात हाच जिप्सम ओल्या, कुजणाऱ्या कचऱ्याखाली दबला आणि हवा मिळाली नाही, की जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तो वायू. नुसता घाणेरडा नाही, जीवघेणा. मग मी आणि मिस्त्रीचा पोरगा दुपारभर छताचे तुकडे वेचत बसलो. पोरगा हातमोज्यांशिवाय आला होता. मी त्याला ओरडलो, त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं, मी गप्प.

मागच्या ओट्यावरचा सिमेंटचा पत्रा मात्र मी वाचवला. म्हणजे नशिबानं वाचला. मिस्त्री हातोडा उगारून उभा होता, "दोन घाव घातले की मावेल." तसल्या जुन्या पन्हाळी पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि तो फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात. फुप्फुसात गेले की आज काही होत नाही, उद्याही नाही, वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर उभा राहू शकतो. तो पत्रा फोडायचा नाही, ओढायचा नाही, ज्यांना त्याचं काम येतं त्यांनाच बोलवायचं. मी हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाला, "आम्ही आयुष्यभर फोडतोय, काही झालं का?" यावर काय बोलणार? त्याचा खोकला तेव्हाही चालूच होता. अर्थात खोकल्याला एवढं एकच कारण पुरेसं नाही म्हणा, फरशी कोरडीच कापतात ही माणसं. सिलिकाची ती धूळ फुप्फुसं दगड करून टाकते. पाण्याची एक नळी धरायची असते, बास. पण नळी धरायला माणूस नाही, आणि पांढऱ्या ढगात उभं राहून तंबाखू मळायला तीन माणसं आहेत.

आकाराचा घोळ वेगळाच. मी म्हटलं, मोठ्यात मोठा द्या, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. फोनवरचा माणूस खूश. हे कंटेनर घनयार्डांत मोजतात. आठ घनयार्ड म्हणजे साधारण सहा घनमीटर. आता एक घनमीटर मातीचं वजन धरा दीड टनाच्या आसपास, म्हणजे काठोकाठ भरला तर नऊ टन. त्याहून मोठे असतात ते हलक्या पण जागा खाणाऱ्या सामानासाठी, लाकूड, फर्निचर, खोकी असल्या मालासाठी. विटा, माती, काँक्रीट भरायला आठाच्या वरचा कंटेनर साधारणपणे देतच नाहीत, कारण तो उचलणाऱ्या गाडीला झेपत नाही. मी फोनवर "फरशी आणि विटा" हे शब्द तीनदा उच्चारले होते. तरी आला बारा घनयार्डांचा. ड्रायव्हरनं पाहिल्याबरोबर सांगितलं, "यात डबर अर्ध्यापर्यंतच भरा." मग अर्ध्या हवेचं भाडं मी कशाला देतोय?

तो ठेवायचा कुठे, हे अजून वेगळं रामायण. स्वतःच्या आवारात ठेवला तर बहुतेक ठिकाणी कुणाची परवानगी लागत नाही, पण खाली जाड फळ्या घालाव्या लागतात, नाहीतर फरसबंदीचा चुरा. वर विजेच्या तारा नकोत, कारण कंटेनर उचलणारे ट्रकचे दोन लोखंडी हात वर जाऊन मागे येतात. गाडी आत यायला तीनेक मीटर रुंदी हवी. माझं फाटक नेमकं तेवढ्यालाच कमी. म्हणजे रस्त्यावर. म्हणजे परवाना. परवाना कंपनी काढेल की मी, यावर दोन दिवस टोलवाटोलवी. कंपनी म्हणते तुम्ही काढा, कार्यालय म्हणतं कंपनीनंच अर्ज करायचा असतो. शेवटी मिळाला, पण कंटेनरचं भाडं दोन आठवड्यांचं आणि परवाना एकाच आठवड्याचा! दोन्ही तारखा एकत्र बघायचं कुणाच्याच डोक्यात नाही. शिवाय रात्री दिवे लावा, चमकत्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत, गटाराचं झाकण आणि अग्निशमनाचा नळ अडवू नका. दिवे मी लावले. दुसऱ्या रात्री एक चोरीला गेला. आता कुणी मोटारसायकलवाला अंधारात येऊन आदळला तर जबाबदार कोण? पावतीवर ज्याचं नाव आहे तो. अख्ख्या प्रकरणात हे उत्तर मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

आणि आता शेजारी.

रस्त्यावर रिकामा कंटेनर दिसला की माणसांना काय होतं, मला कळत नाही. एरवी समोरासमोर आल्यावर नमस्कारही न करणारी माणसं रात्री अकरानंतर अंधारात बाहेर पडतात. आयत्या बिळावर नागोबा! पहिल्या सकाळी एक मोडकी खुर्ची. म्हटलं, जाऊ दे. दुसऱ्या सकाळी झाडाच्या फांद्या आणि ट्यूबलाइटचा जुडगा. तिसऱ्या सकाळी फ्रिज. फ्रिज! एकट्या माणसाला उचलत नाही, म्हणजे दोघं-तिघं आले असणार, कंटेनरच्या कडेवरून ते धूड चढवलं असणार, आणि इतका वेळ कुणालाच काही दिसलं नाही. मी दारोदार विचारलं. सगळ्यांचे कानांवर हात. एका काकांनी तर मलाच सुनावलं, "झाकून ठेवायचा ना मग." बरोबर आहे काका, झाकून ठेवायचा. ताडपत्री मी त्याच संध्याकाळी आणली आणि दोरीनं बांधली. सकाळी ती घडी घालून बाजूला ठेवलेली होती. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. आत गादी.

त्या रात्री पाऊस झाला. कोरडी गादी दोन माणसं उचलतात, भिजलेली चौघांना ऐकत नाही. ताडपत्री फक्त शेजाऱ्यांसाठी नसते, पाण्यासाठीही असते. डबर पाणी पितं, वजन वाढतं, आणि वजनाला मर्यादा असते.

दुपारी पोरं. कंटेनर म्हणजे त्यांना किल्लाच वाटला. एक वर चढून पहारेकरी झालेला, दुसरा फुटक्या फरशीच्या पात्यासारख्या कडेवर पाय देऊन चढतोय. मी ओरडलो तर आया माझ्यावर ओरडल्या की तुम्ही रस्त्यात ठेवलाच कशाला. उद्या एखादं पोर पडलं असतं तर पुन्हा तेच, पावतीवर नाव कुणाचं?

भरणं हीसुद्धा एक कला असते हो, आणि माझ्या कामावर आलेल्या मंडळींकडे ती नव्हती. सपाट माल तळाला, जड माल खाली आणि सगळीकडे सारखा, पोकळ वस्तू मोडून, फटींत बारीक चुरा. एका बाजूला वजन झालं तर उचलताना कंटेनर कलतो. आमच्याकडे दरवाज्याची चौकट आडवी टाकली, तिच्यावर डबर ओतलं, खाली अर्धा कंटेनर मोकळा आणि वर डोंगर. मग तो दाबायला एक जण वर चढून नाचला. मी म्हटलं उतर, तर म्हणतो, "साहेब, असंच करतात." करत असतील! पण माल कडेच्या पातळीतच हवा, कारण पुढे तो रस्त्यावरून जाणार असतो आणि वरची एखादी वीट मागच्या गाडीच्या काचेवर येऊ शकते. म्हणून ड्रायव्हरही वरून जाळी घालतो. जाळी काही डोंगर थोपवत नाही.

तर, सात वाजताची गोष्ट. ड्रायव्हर न्यायला आला, बघितलं, मान हलवली. त्याच्याशी मी भांडलो नाही. एवढ्या सगळ्यांत नियम आधी सांगून तसाच वागणारा तो एकटा माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात अर्थ नव्हता. गादी काढली, फांद्या काढल्या, चौकट काढली, वरचा थर घमेल्यानं उतरवला. पाऊण तास लागला, त्या थांबण्याचे पैसे वेगळे लावणार म्हणे. फ्रिज दोघांनी मिळून उतरवला. मिस्त्री नऊ वाजता आला आणि म्हणाला, "अरे, गेला का कंटेनर? थोडं राहिलं होतं टाकायचं."

गादी आता माझ्या फाटकाला टेकून वाळतेय. रंगाचे डबे, ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या गॅलरीत तीन वेगळ्या खोक्यांत आहेत, त्या कुठे घेतात याची चौकशी उद्यापासून. फ्रिज अंगणात आहे. पोरं लपाछपी खेळताना त्यात अडकू नयेत म्हणून त्याचा दरवाजा मी स्क्रूड्रायव्हरनं काढून भिंतीला लावून ठेवलाय. दुपारी ते काका फाटकाशी थांबून विचारत होते, दरवाजा चांगला आहे, कुणाला हवाय का.