चौथ्या सीटवरची समाधी

मनःशांती हवी असेल तर सगळ्यात आधी इअरफोन घरी विसरा. मग डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडा, रेटारेटी करून चौथी सीट मिळवा, मांडीवरच्या डब्याच्या पिशवीला मोबाइल टेकवा आणि सुरांनी मेंदूच्या लहरी बदलून झोप आणतो म्हणणारा 'डीप स्लीप, बायनॉरल बीट्स, आठ तास' हा व्हिडिओ लावा. आवाज फुल. डोळे मिटा. सीएसएमटीपर्यंत जेवढी झोप होईल तेवढी, उरलेले सात तास ऑफिसात बघता येतील.

गेल्या मंगळवारी माझ्या शेजारच्या काकांनी हे सगळं इतकं चोख केलं की बाकीच्यांनाही शिकता यावं म्हणून लिहितोय. मी पावणेपाचला पाणी भरायला उठलेला माणूस. दादरपर्यंत एक डुलकी, एवढीच अपेक्षा. आणि कानाशी सुरू झालं, 'उंऽऽ वंवंवंवं उंऽऽ'. जुन्या फ्रिजमध्ये भुंगा अडकल्यासारखं.

हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ते मात्र नीट निवडा. गाढ झोपेला मेंदूच्या डेल्टा लहरी, म्हणजे ४ च्या खाली. निवांतपणाला अल्फा, ८ ते १३. कामाचा हुरूप हवा तर त्याच्या वरचा बीटा. वाण्याकडे डाळ मागतो तसं मागायचं, मेंदू मोजून देतो.

मधे जाहिरात येते, ती बंद करू नका. आपण समाधीत असतो.

शेजाऱ्याने तोंड उघडलंच तर त्याचं अज्ञान दूर करा. मी म्हटलं, "काका, जरा इअरफोन लावता का?" काका डोळे न उघडता म्हणाले, "इअरफोनने कान खराब होतात. तुम्हीपण ऐका, फुकट आहे. मेंदूच्या लहरी बदलतात."

फुकट! बरं, मग फुकटात माझंही ऐका. 'बायनॉरल' म्हणजेच दोन कानांचं. डाव्या कानात २०० हर्ट्झचा सूर, उजव्यात २१० चा, आणि दोन्ही वेगवेगळे पोचायला हवेत. मग दोन्ही कानांकडून आलेलं जिथे एकत्र होतं त्या मेंदूच्या देठात दोन्हींतल्या फरकाएवढी, १० हर्ट्झची थरथर तयार होते. ती बाहेर कुठेच नसते, फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते. हाइनरिश डोव्ह नावाच्या प्रशियातल्या शास्त्रज्ञाला हे १८३९ साली सापडलं. मूळचा हवामानाचा अभ्यासक, आणि तेव्हा हेडफोन जन्मालाही आले नव्हते, तरी त्या माणसाला दोन कानांचं महत्त्व कळलं. तुम्ही एकाच स्पीकरवर दोन्ही सूर लावलेत की ते हवेतच मिसळतात. उरते ती साधी घरघर, जी तुमच्याइतकीच मलाही ऐकू येते, समोरच्या कॉलेजच्या पोरालाही आणि दारात लटकलेल्यालाही. यात बायनॉरल काय राहिलं? आणि लहरी बदलतात म्हणे! २०२३ मध्ये अशा १४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. मेंदूच्या लहरी खरंच त्या ठेक्याला लागतात असं ५ अभ्यासांत निघालं, ८ मध्ये उलट निघालं, एकात अर्धंमुर्धं. ऑपरेशनच्या आधी ऐकवल्यावर रुग्णांची धास्ती कमी झाल्याचंही काही ठिकाणी दिसलंय, नाही म्हणत नाही. पण काका, त्यांनी हेडफोन लावले होते! बाजूच्या खाटेवरच्याला जागं ठेवून नाही!

हे सगळं मी मनातच म्हणालो. प्रत्यक्षात "बरं" म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो. ठाणं गेलं. मुलुंडच्या आसपास समाधी फोडून मोबाइल किंचाळला, "पाच मिनिटांत कर्ज!" समोरचा पोरगा दचकून उठला, रॅकवरून कोणाची तरी छत्री पडली. काका ढिम्म. ते खरोखर झोपले होते! घोरतही होते. म्हणजे त्या आठ तासांच्या व्हिडिओचा एकमेव श्रोता उरलो मी.

आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ कुटतात, माझी झोप तेही मोडतात. पण ते निदान सुरात असतात, गुरुवारी प्रसाद देतात आणि आपण बाकीच्यांवर उपचार करतोय असं कधी म्हणत नाहीत.

तर काका, आणि तुमच्यासारखे रील्स, क्रिकेट, बायकोचा व्हॉइस मेसेज सगळं स्पीकरवर ऐकणारे तमाम बंधू, लाज वाटू द्या जरा. वीस हजारांचा फोन परवडतो, दीडशेची वायर परवडत नाही? कानांची एवढी काळजी आहे तर आमचे काय भाड्याने आणलेत? शांती पाहिजे तुम्हाला, आणि तिच्यासाठी जागायचं आम्ही? उद्याही तुम्ही त्याच डब्यात असणार, मीही असणार. इअरफोन आणायचे, दोन्ही कानांत घालायचे. नाहीतर मोबाइल खिशात ठेवून गप्प झोपायचं. तुम्हाला तसंही काही लावावं लागत नाही, मुलुंडला बघितलंय मी.